फिअरलेस नादिया : कसरतीच्या जोरावर पडदा गाजवणारी ‘हंटरवाली’

समा (वडोदरा) : सप्टेंबर-ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातमध्ये ३६वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली, तेव्हा जिम्नॅस्टिक्सचे सामने बडोद्यात समा भागातल्या इनडोअर क्रीडासंकुलात झाले. महाराष्ट्राच्या संयुक्ता काळेने इथेच रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये सुवर्णपदक मिळवलं. सामने बघायला आलेल्या पालकांच्या तोंडी एक प्रश्न नेहमी असतो. मुलगी पाच-सहा वर्षांची असताना या खेळात उतरते, विशी-बाविशीत खेळ संपतो. मग पुढे काय? कमावलेल्या या शरीराचा पुढे उपयोग काय?

या प्रश्नाला भारतात नव्वद वर्षांपूर्वी एका बाईने दिलेलं उत्तर फार जोरकस होतं. ती सर्कशीत कसरती करायची. तिथून ती सिनेमात आली आणि हिंदी पडद्यावरची पहिली मोठी ‘स्टंट क्वीन’ झाली. नाव नादिया. पोस्टरवर लिहिलं जायचं ‘फिअरलेस नादिया’, म्हणजे निर्भय नादिया. आजी-आजोबांच्या पिढीला ती ‘हंटरवाली’ म्हणूनच ठाऊक आहे.

थोडक्यात ओळख

मूळ नाव : मेरी एव्हान्स
जन्म : ८ जानेवारी १९०८, पर्थ (ऑस्ट्रेलिया)
मृत्यू : ९ जानेवारी १९९६, मुंबई
आधीचा पेशा : दुकानात विक्रेती, नर्तकी, सर्कशीतली कसरतपटू
गाजलेला पहिला सिनेमा : हंटरवाली (१९३५)
शेवटचा सिनेमा : खिलाडी (१९६८)
पती : दिग्दर्शक-निर्माते होमी वाडिया (विवाह १९६१)

पर्थ, मुंबई, पेशावर

नादियाचे वडील स्कॉटिश, ब्रिटिश सैन्यात. आई ग्रीक वंशाची. वडिलांची पलटण भारतात आली तेव्हा, १९१३ मध्ये, पाच वर्षांची मेरी मुंबईला आली. दोनच वर्षांत, १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात वडील मारले गेले. पुढे १९२२ मध्ये मायलेकी पेशावरला गेल्या.

पेशावर म्हणजे त्या वेळचा वायव्य सरहद्द प्रांत. तिथे मेरी घोड्यावर बसायला शिकली, बंदूक चालवायला शिकली, शिकारीला आणि मासेमारीला जायला लागली. पुढे पडद्यावर ती ज्या सहजतेने घोडा फेकायची, त्याचं मूळ इथलं.

१९२८ मध्ये ती आई आणि लहानग्या मुलाला, रॉबर्टला, घेऊन मुंबईला परतली. घर चालवायचं तर कमावणं भाग होतं. आर्मी अँड नेव्ही स्टोअरमध्ये तिने विक्रेतीची नोकरी केली. जरा बरी नोकरी मिळावी म्हणून टायपिंग-शॉर्टहँड शिकायचाही तिचा विचार होता. तो मार्ग धरला असता तर फोर्टातल्या एखाद्या कचेरीत तिची हयात गेली असती आणि आज तिचं नावही कुणाला ठाऊक नसतं.

नाचातून कसरतीकडे

मुंबईत मादाम अस्त्रोवा नावाच्या रशियन नृत्यशिक्षिका बॅले शिकवत. मेरी त्यांच्याकडे जाऊ लागली आणि पुढे त्यांच्याच मंडळीत दाखल झाली. ही मंडळी लष्करी छावण्यांत, संस्थानिकांच्या दरबारी आणि लहानसहान गावांतही कार्यक्रम करायची. त्या फिरतीत मेरीने हातांवर उलटून चाकासारखं फिरणं, पाय सरळ रेषेत फाकून बसणं अशा कसरतींवर हात बसवला. आज जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये लहान मुलींना जे सुरुवातीला शिकवतात, ते ती विशी ओलांडल्यावर शिकली.

नाव बदललं तेही याच काळात. एका आर्मेनियन ज्योतिषी बाईने तिला सांगितलं की ‘न’पासून सुरू होणारं नाव घे, भाग्य उघडेल. मेरी एव्हान्सची नादिया झाली ती अशी. १९३० मध्ये ती झार्को सर्कशीत दाखल झाली.

सर्कस म्हटलं की मराठी माणसाने, त्यातही सांगली-मिरजेकडच्याने, जरा थांबायला हवं. भारतातली पहिली देशी सर्कस उभी केली ती विष्णुपंत छत्रे यांनी. ते मूळचे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. त्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ मुंबईत १८८० मध्ये झाला. त्यांच्या पत्नीही झुल्यावरच्या कसरती करत. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कसही नावारूपाला आली. म्हणजे नादिया झुल्यावर चढली, त्याच्या पन्नास वर्षं आधीपासून आपल्याकडच्या बायका तंबूत कसरती करत होत्या. फरक एवढाच की तंबू उठला की त्यांचं नावही तंबूबरोबर उठायचं. त्यांची नोंद ठेवायला कुणी कॅमेरा घेऊन उभं नव्हतं.

बडोद्याचंही तसंच. सयाजीराव महाराजांच्या काळात जुम्मादादा व्यायाममंदिर आणि राजरत्न प्रा. माणिकराव यांच्यामुळे हे शहर मल्लखांब-कुस्तीचं मोठं केंद्र झालं होतं. व्यायामविद्येवरचा दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ पासून इथूनच प्रसिद्ध झाला. द. चिं. मुजुमदार त्याचे संपादक. शरीर कमावणं ही विद्या आहे, ही समजूत या भागात पक्की होती. मात्र ती विद्या घेऊन बाईने पोट कसं भरायचं, याला सर्कशीखेरीज रस्ता नव्हता.

वाडिया बंधूंची भेट

लाहोरच्या एका चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाने नादियाचा कार्यक्रम पाहिला आणि मुंबईच्या वाडिया बंधूंना तिचं नाव सुचवलं. जमशेद ऊर्फ जे. बी. एच. वाडिया आणि धाकटे होमी वाडिया. घराणं मूळचं सुरतेचं, जहाजबांधणीतलं. घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला गोदी बांधायला आले होते. त्याच घराण्यातल्या या दोन भावांनी १९३३ मध्ये ‘वाडिया मूव्हिटोन’ सुरू केली. परळच्या लवजी कॅसल या वडिलोपार्जित वास्तूत त्यांचा स्टुडिओ होता.

जे. बी. एच. कायद्याचे पदवीधर. वकिली-बँकेची वाट सोडून सिनेमात आलेले. डग्लस फेअरबँक्स या हॉलिवूड नटाच्या मारधाडीच्या चित्रपटांवर त्यांचा जीव होता.

पहिल्या भेटीत अडचण होती ती नादियाच्या रूपाची. केस सोनेरी, डोळे निळे, अंगापिंडाने दणकट. जे. बी. एच. यांनी सुचवलं की नाव ‘नंदादेवी’ ठेवू आणि काळ्या वेण्यांचा टोप घालू. नादियाने साफ नकार दिला. आपण गोऱ्या आहोत हे प्रेक्षकाला दिसणारच, टोपाने कुणी फसणार नाही, असं तिचं म्हणणं. शिवाय ‘नादिया’चं ‘वाडिया’शी यमक जुळतं, ‘नंदादेवी’चं जुळत नाही, हेही तिने ऐकवलं. नोकरी मागायला आलेली बाई मालकाला असं बोलते म्हटल्यावर जे. बी. एच. यांनी ओळखलं असावं की ही पडद्यावरही कुणाला घाबरणार नाही.

सुरुवातीला तिला ‘देश दीपक’ आणि ‘नूर-ए-यमन’मध्ये लहान भूमिका दिल्या. हिंदी शिकवायची सोय केली. उच्चार शेवटपर्यंत परकेच राहिले. वाडियांनी यावर काढलेला तोडगा सोपा होता. तिने बोलायचं कमी आणि करायचं जास्त.

‘हंटरवाली’

१९३५ चा ‘हंटरवाली’ हा या हिशेबातला खरा जुगार. दिग्दर्शक होमी वाडिया. कथा अशी : दुष्ट वजीर राजाला कैदेत टाकतो आणि राज्य बळकावतो. राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा चढवते, हातात चाबूक घेते आणि ‘हंटरवाली’ होऊन गोरगरिबांवर जुलूम करणाऱ्यांना झोडपते. वजिराच्या भूमिकेत सयानी, नायक जसवंतच्या भूमिकेत बोमन श्रॉफ.

सिनेमाला सुमारे सहा महिने लागले आणि त्या काळच्या मानाने मोठा, सुमारे ८० हजारांचा खर्च आला, असं सांगतात. एक गोरी बाई चाबूक घेऊन पुरुषांना मारते, हे कोण बघणार, असं वितरकांना वाटत होतं. शेवटी वाडिया आणि त्यांच्या भागीदारांनी स्वतःच धोका पत्करून तो मुंबईत ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लावला.

सिनेमा पंचवीस आठवडे चालला. ‘हे-ए-ए’ अशी नादियाची आरोळी पोरांच्या तोंडी बसली. बाजारात हंटरवालीच्या नावाचे चाबूक, पट्टे, काडेपेट्या, पत्त्यांचे जोड विकायला आले. यातलं काहीच वाडियांच्या परवानगीने निघालं नव्हतं. नाव नोंदवून ठेवावं, त्याचा मोबदला घ्यावा, ही रीत तेव्हा आपल्या सिनेधंद्यात नव्हती. चेहरा नादियाचा, गल्ला भलत्याचाच.

मुखवटा घातलेली लढवय्यी बाई पडद्यावर आणणारे वाडिया पहिले नव्हेत, हेही नोंदवायला हवं. १९३१ मध्ये पुण्याच्या अग्रवाल फिल्म कंपनीने ‘दिलेर जिगर’ हा मूकपट काढला होता. दिग्दर्शक जी. पी. पवार. त्यात रस्त्यावर कसरती करणारी मुलगी मुखवटा घालून अन्यायाशी लढते. ती भूमिका केली होती ‘अंबू’ने. हीच पुढची ललिता पवार, येवल्याची. खाष्ट सासू म्हणून आपण जिला ओळखतो, ती कोवळ्या वयात तलवार घेऊन लढत होती. पण ललिताबाई पुढे चरित्र भूमिकांकडे वळल्या. नादियाने मात्र त्याच एका गोष्टीवर आख्खं आयुष्य उभं केलं.

डमी नाही, जाळी नाही

नादियाच्या सिनेमांची खासियत अशी की धोक्याची कामं ती स्वतः करायची. आजच्यासारखी दोरी बांधून नंतर संगणकावर पुसून टाकायची सोय नव्हती. उडी म्हणजे उडीच. छपरावरून उडी, झुंबराला लटकून झोका, धावत्या घोड्यावर मांड, दणकट पुरुषाला डोक्यावर उचलून फेकणं, हे सगळं कॅमेऱ्यासमोर घडायचं.

‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) मध्ये ती सविता नावाच्या मुलीच्या भूमिकेत आहे आणि धावत्या आगगाडीच्या टपावर हाणामारी करते. ‘जंगल प्रिन्सेस’ (१९४२) मध्ये तिने सिंहांसोबत प्रसंग केले. ‘मुकाबला’ (१९४२) मध्ये दुहेरी भूमिका होती. एकाच चौकटीत दोन नादिया दाखवण्याची करामत बाबूभाई मिस्त्री यांनी कॅमेऱ्यात साधली. बाबूभाई सुरतेचे. पुढे पौराणिक चित्रपटांतल्या चमत्कारांसाठी त्यांचं नाव झालं.

या कामात सर्कशीची शिकवण तिच्या कामी आली, ती दोन तऱ्हेने. एक म्हणजे पडायचं कसं. कसरत शिकणाऱ्याला उडी मारण्याच्या आधी पडायला शिकवतात. हात कुठे टेकवायचा, मान कशी आत घ्यायची, आदळण्याऐवजी गोल कसं लोळायचं. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. झुल्यावर अर्धा क्षण चुकला तर खेळ खलास. हे अंगात मुरलेलं असल्यामुळे नादियाच्या मारामाऱ्या नुसत्या हातवाऱ्यांच्या वाटत नाहीत.

तिच्या सोबतीला नेहमीची टोळी असायची. शरीरसौष्ठवासाठी नावाजलेले जॉन कावस तिचे नायक. घोड्याचं नाव ‘पंजाब का बेटा’, कुत्र्याचं ‘गनबोट’, आणि एक खटारा ऑस्टिन मोटार, जिचं नाव होतं ‘रोल्स रॉयस की बेटी’. पोरांना ही सगळी पात्रं पाठ असायची.

चाबकामागचा विचार

हे सिनेमे म्हणजे नुसती हाणामारी, असं त्या वेळच्या शिष्ट समीक्षकांना वाटायचं. प्रत्यक्षात जे. बी. एच. राजकारणात मुरलेले होते. आधी काँग्रेसकडे ओढा, पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले. सेन्सॉर ब्रिटिशांचा असल्याने उघड बोलणं शक्य नव्हतं. म्हणून गोष्ट कुठल्यातरी काल्पनिक राज्यात घडायची. बळकावलेलं सिंहासन, जुलमी वजीर, दबलेली रयत. समजायचं ते प्रेक्षक समजायचा.

‘लुटारू ललना’ (१९३८) मध्ये हिंदू-मुस्लिम ऐक्याचा धागा आहे. ‘डायमंड क्वीन’ (१९४०) मध्ये मुंबईहून शिकून आलेली मधुरिका गावगुंडांशी दोन हात करते आणि स्त्रियांच्या शिक्षणाची, स्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडते. म्हणजे चाबूक हातात होता, तोंडी विचारही होता.

त्यातली गंमत अशी की गोऱ्या साहेबाचं राज्य असताना लोक एका गोऱ्या बाईला आपली म्हणून टाळ्या देत होते. ती साडी नेसायची, जुलमी माणसाला झोडपायची, गरिबाच्या बाजूने उभी राहायची. प्रेक्षकाला तेवढं पुरे होतं.

ज्येष्ठ नाटककार गिरीश कार्नाड यांचं बालपण सीमाभागाला लागून असलेल्या कारवार जिल्ह्यात, शिरसीला गेलं. चाळीसच्या दशकातल्या शाळकरी पोरांसाठी नादिया म्हणजे धैर्य, ताकद आणि ध्येयवाद होता, आणि तिची आरोळी हा आपल्या बालपणातला सर्वांत लक्षात राहिलेला आवाज आहे, अशी आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. पुढे ज्यांनी ‘तुघलक’, ‘हयवदन’ लिहिलं, त्यांनी हे म्हटलंय. त्यामुळे ‘पिटातल्या प्रेक्षकांचा सिनेमा’ म्हणून हे प्रकरण उडवून लावता येत नाही.

वाडिया मूव्हिटोन फुटली, राजकमल उभं राहिलं

चाळीशीच्या सुरुवातीला दोघा भावांत मतभेद झाले. जे. बी. एच. यांना आता प्रतिष्ठेचे, सामाजिक-कलात्मक चित्रपट काढायचे होते. ‘राजनर्तकी’ (१९४१) हा त्यातलाच, साधना बोस यांचा खर्चिक चित्रपट. होमींना नादियाचे स्टंटपट चालू ठेवायचे होते. गल्ल्यावर पैसे आणत होती नादिया, आणि प्रतिष्ठा हवी होती म्हणून तिलाच बाजूला सारायची वेळ आली होती.

होमी बाहेर पडले आणि १९४२ मध्ये त्यांनी ‘बसंत पिक्चर्स’ काढली. नादिया त्यांच्यासोबत गेली. १९४३ मध्ये आलेल्या ‘हंटरवाली की बेटी’ने नव्या कंपनीला पाय रोवून दिले. पुढे चेंबूरला बसंत स्टुडिओ उभा राहिला.

परळच्या स्टुडिओचं काय झालं? मराठी वाचकाला ते ठाऊक आहे, फक्त जोड लागलेली नसते. प्रभात सोडून मुंबईला आलेल्या व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये त्याच जागेत ‘राजकमल कलामंदिर’ सुरू केलं. ‘शकुंतला’, ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘पिंजरा’ ही सगळी नावं ज्या राजकमलची, त्याच जागेत आधी हंटरवालीचा चाबूक कडाडत होता.

वीस वर्षं थांबलेलं लग्न

होमी आणि नादिया यांचं प्रेम स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक होतं. पण होमींच्या आईचा या लग्नाला विरोध होता. घराणं सनातनी पारशी, मुलगी परधर्मातली, त्यात एका मुलाची आई आणि सिनेमात कसरती करणारी. दोघांनी आईचा शब्द मोडला नाही आणि एकमेकांची साथही सोडली नाही. आई गेल्यावर, १९६१ मध्ये, त्यांनी लग्न केलं. तेव्हा नादिया ५३ वर्षांची होती, होमी ५० चे. नादियाचा मुलगा रॉबर्ट याला होमींनी दत्तक घेतलं.

पडद्यावर ती वजिराला चाबकाने मारत होती, त्या काळात प्रत्यक्षात घरच्या एका नकारापुढे वाट बघत थांबली होती. तिचं धाडस खोटं होतं, असा याचा अर्थ नाही. पडदा आणि घर यांत तेव्हाच्या बाईसाठी किती अंतर होतं, ते यातून दिसतं.

पन्नाशीनंतर तिचे सिनेमे कमी होत गेले. १९६८ मध्ये होमींनी हेरगिरीच्या सिनेमांची थट्टा करणारा ‘खिलाडी’ काढला. त्यात साठीची नादिया पुन्हा पडद्यावर आली आणि तो तिचा शेवटचा सिनेमा ठरला.

विस्मरण आणि पुन्हा ओळख

पुढची पंचवीस वर्षं नादिया जवळपास विसरली गेली. स्टंटपटांची रिळं जपून ठेवावीत असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. १९९३ मध्ये जे. बी. एच. यांचे नातू रियाद वाडिया यांनी ‘फिअरलेस : द हंटरवाली स्टोरी’ हा माहितीपट केला. तो देशाबाहेरच्या महोत्सवांत गेला आणि जगाला या बाईची नव्याने ओळख झाली. नादियाला स्वतःला हे पाहायला मिळालं, ही समाधानाची गोष्ट. ८८ वा वाढदिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारी १९९६ रोजी, तिचं मुंबईत निधन झालं.

तिच्यावर जर्मन लेखिका डोरोथे वेनर यांनी चरित्र लिहिलं. २०१७ च्या ‘रंगून’ चित्रपटात कंगना राणावतने केलेली ज्युलिया ही भूमिका नादियावरून सुचलेली आहे, हे प्रेक्षकांनी लगेच ओळखलं. २०१८ मध्ये तिच्या जन्मदिनी गूगलने तिचं चित्र मुखपृष्ठावर लावलं.

अंग एकीचं, चेहरा दुसरीचा

नादियाचं वेगळेपण कशात होतं, हे तिच्यानंतर काय झालं ते पाहिलं की कळतं. तिच्या बाबतीत कसरत करणारं अंग आणि पोस्टरवरचं नाव एकाच बाईचं होतं. तिच्यानंतर हिंदी सिनेमाने या दोन गोष्टींची फारकत केली. नायिका सुंदर, नाजूक, नाचणारी. धोक्याचा प्रसंग आला की तिच्या जागी डमी. कित्येकदा तर पुरुषालाच साडी नेसवून उडी मारायला लावत.

‘शोले’ (१९७५) मधला बसंतीचा टांगा सगळ्यांना आठवतो. त्या टांग्यावर धोक्याच्या प्रसंगांत होत्या रेश्मा पठाण, हेमामालिनी यांच्या डमी. या धंद्यात नाव मिळवणाऱ्या पहिल्या स्टंटबाईंपैकी त्या एक. पण किती प्रेक्षकांना त्यांचं नाव तेव्हा ठाऊक होतं? त्यांच्या आयुष्यावर चित्रपट यायला २०१९ उजाडलं. अंग एकीचं, चेहरा दुसरीचा, टाळ्या चेहऱ्याला. नादियाला हे वाट्याला आलं नाही, कारण तिला घेतलंच होतं तिच्या अंगच्या कसबासाठी.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे उपयोगी पडतं. कॅथी रिग्बी ही खरीखुरी ऑलिम्पिक जिम्नॅस्ट. १९६८ चं मेक्सिको आणि १९७२ चं म्युनिक अशा दोन ऑलिम्पिकमध्ये ती खेळली. १९७० च्या जागतिक स्पर्धेत बॅलन्स बीमवर रौप्य मिळवून, जागतिक पदक जिंकणारी ती पहिली अमेरिकन महिला जिम्नॅस्ट ठरली. खेळ सोडल्यावर ती गाणं-अभिनय शिकली आणि ‘पीटर पॅन’ या संगीतिकेत तारांवर उडणारा पीटर म्हणून तिने ब्रॉडवे गाजवलं. १९९१ मध्ये मानाच्या टोनी पुरस्कारासाठी तिचं नामांकन झालं. पण वजन कमी ठेवण्याच्या दडपणातून तिला खाण्याचा गंभीर विकार जडला होता. कित्येक वर्षं तो तिच्या मागे होता आणि जिवावरही बेतला होता. हे तिने नंतर स्वतःच जाहीरपणे सांगितलं, तेही इतर मुलींनी सावध व्हावं म्हणून.

या बाबतीत नादिया नशीबवान म्हणायची. तिचं दणकट अंग वाडियांनी बारीक करायला लावलं नाही. तिच्या हातात पुरुष उचलला गेला पाहिजे, हीच कथेची गरज होती. प्रेक्षकालाही ती तशीच आवडली.

गाजलेले काही चित्रपट

हंटरवाली (१९३५)
मिस फ्रंटियर मेल (१९३६)
हरिकेन हंसा (१९३७)
लुटारू ललना (१९३८)
पंजाब मेल (१९३९)
डायमंड क्वीन (१९४०)
बंबईवाली (१९४१)
जंगल प्रिन्सेस (१९४२)
मुकाबला (१९४२)
हंटरवाली की बेटी (१९४३)
खिलाडी (१९६८)

आजच्या मुलींसाठी

समाच्या हॉलमध्ये बीमवर तोल सावरणाऱ्या, चेंडू-रिबन घेऊन सराव करणाऱ्या प्रत्येक मुलीने पुढे सिनेमात जावं, असं सुचवायचं कारण नाही. बहुतेक जणी शिकतील, नोकरी करतील, काही प्रशिक्षक होतील. पण खेळ सुटला म्हणजे शिकलेलं वाया गेलं, ही पालकांची भीती नादियाच्या आयुष्याकडे पाहिलं तर कमी व्हायला हरकत नाही. पडून पुन्हा उठायची सवय, वेळेचं भान आणि आपल्या अंगावरचा विश्वास या गोष्टी पदकाबरोबर कपाटात जात नाहीत.

काळजी घ्यायची ती दोन बाबतींत. एक म्हणजे त्या अंगावर अन्नाचा, वजनाचा जुलूम होऊ नये. दुसरी गोष्ट हिशेबाची. कसब जिचं तिला त्याचं नाव आणि मोल दोन्ही मिळायला हवं. नव्वद वर्षांपूर्वी हंटरवालीच्या नावाच्या काडेपेट्या भलत्यांनी विकल्या. आज मुलीच्या कसरतीचा व्हिडिओ क्षणात हजारो मोबाइलवर पोचतो. त्यावर नाव तिचंच आहे ना, आणि पैसे कुणाच्या खात्यात जातात, हे पालकांनी आणि प्रशिक्षकांनी वेळेवर विचारलेलं बरं.